पहिल्या तव्याची पाठ

आपा, काल तुमचा चाळिसावा दिवस झाला. गल्लीतल्या बायांनी मिळून डेग चढवली होती. मी मटणाचा दालचा खात नाही हे तुम्हीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं, म्हणून माझ्यापुढं न विचारता जर्द्याची, गोड केशरी भाताची ताटली आली. ती हातात धरून मी तुमच्या दाराकडं बघत बसले. घरमालकानं कुलूप लावलंय. आत आता काही नाही.

तरी रोज दुपार कलली, असरची अजान झाली की आपल्या मधल्या भिंतीतून चावी भरल्याचा आवाज येतो. करर्र, करर्र, मग जरा थांबून पुन्हा करर्र. मनगट दुखायचं म्हणून तुम्ही मधे थांबायच्या, तसंच. चावीचा ग्रामोफोन, तुमचा फोनू, तर माझ्याकडं आहे, माझ्याच पलंगाखाली, वरून पोतं टाकून ठेवलेला. दोनदा वाकून बघितलं. चावी जिथल्या तिथं. यांना बोलले तर म्हणाले, "कानात तेल घाल." तेल घातलं. आवाज येतोच.

तुम्हाला काय पाहिजे ते मला माहीत आहे. जायच्या आधी तुम्ही मला एकच काम सांगितलंत. तुमच्या भावाच्या, यूसुफभाईंच्या त्या विलायती बाजाच्या पाच तबकड्या, तुमचे तवे, एकदा सरळ क्रमानं वाजवायचे, अगदी शेवटपर्यंत. "मेरे बाद, दुल्हन. मेरे सामने नक्को." मी मान हलवली. पण तवे बाहेर काढायला हात होत नाही. ते शेवटपर्यंत वाजले म्हणजे तुमचं भावाची वाट बघणं संपलं. आणि ते संपलं म्हणजे तुम्ही खरोखर गेलात.

माझे केस पिकले, पोरगी नोकरीला लागली, तरी तुमच्या तोंडी मी दुल्हनच राहिले. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी नाही.

मी नवी नवरी म्हणून या गल्लीत आले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. पाचोडच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, अंगानं बारीक, तोंडातून शब्द न निघणारी. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "पोरगी चांगली हाय, पर बोलत नाय. मुकी तर दिली नाय ना आम्हाला?" त्यांनीच मला तुमच्याकडं शिवण शिकायला धाडलं. तुम्ही विधवा, एकट्या, लोकांचे झंपर शिवून राहायच्या. तुमचा भाऊ छावणीत निजामाच्या पलटणीच्या बँडमध्ये वाजवायचा. ते राज्य गेलं, बँड मोडला, आणि यूसुफभाई कराचीला गेले. जाताना गझला-कव्वाल्यांचे तवे बरोबर नेले. हे पाच जड तवे आणि फोनू तुमच्याकडं ठेवला. "संभाल के रख," एवढंच बोलले म्हणे.

पहिल्याच दिवशी तुम्ही मला तव्यांच्या पुठ्ठ्यावरचा फोटो दाखवला. काळा कोट, कपाळावर आलेले केस, हातात बारीक छडी. मला वाटलं शाळामास्तर आहे, पोरांना मारतो. तसं बोलले तर तुम्ही इतक्या हसलात की दातांत धरलेला धागा तुटला. "नई गे! ये बाजेवालों का मुकद्दम है. शंभर जण वाजवतात, हा कुछ बी नई बजाता. बस छड़ी हिलाता."

जो काहीच वाजवत नाही त्याचं नाव सगळ्यांत मोठ्या अक्षरात कसं, असं माझ्या मनात आलं. विचारलं नाही. तुम्ही आपणहून सांगितलंत, भाऊ सांगायचा तसं. बाजा लिहिणारा केव्हाच मरून गेला. त्यानं कागदावर नुसत्या खुणा ठेवल्या. त्या खुणा बघून कुठं धावायचं, कुठं थांबायचं, कुठं दम घ्यायचा हे छडीवाला ठरवतो. दुसरा छडीवाला आला की तोच बाजा निराळा होतो. "मसाला वोइच, हाथ बदला तो मज़ा बदला." मला स्वयंपाकाची भाषा लगेच कळली.

तुमच्या घरी एक कायदा होता. तवा फिरत असला की बोलायचं नाही, शिलाई मशीन चालवायची नाही, हातानं तुरपाई करायची. बाजू सरली की काटा उचलायचा, तवा उलटायचा, पिन बदलायची, चावी भरायची. बोलायचं ते तेवढ्या वेळात. मला तो कायदा फार मानवला. नुसतं बोल म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. पण चावी भरून होईपर्यंतच बोलायचं आहे म्हटलं की एक वाक्य निघायचं. पुढच्या उलटण्याला दुसरं. माझं सगळं बोलणं तुम्ही असं तुकड्यातुकड्यांनी ऐकलंत. अर्धी गोष्ट सोमवारी आणि अर्धी बुधवारी, तरी तुमच्या ध्यानात असायचं की मी कुठवर आले होते.

पुढं बाजारात पिना मिळेनाशा झाल्या. बाभळीचा काटा चालतो असं कुणीतरी तुम्हाला सांगितलं. मी माहेराहून येताना पदरात बांधून वाळलेले काटे आणले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "लोकांच्या सुना माहेराहून लुगडी आणत्यात, आमची काटे आणती!" तरी असर झाली की त्याच म्हणायच्या, "जा बाई, तुझं इंग्रजी भजन सुरू झालं." काट्यानं आवाज दबका झाला पण खरखर गेली. सगळे वाजवणारे दोन गल्ल्या पलीकडं बसलेत आणि वारा आपल्याकडं आहे, असं वाटायचं.

माझं पहिलं लेकरू बारशाआधी गेलं. पुष्कळ दिवसांनी मी तुमच्याकडं आले. तुम्ही काही विचारलं नाही, नेहमीसारखा तवा लावला. बाजू सरली. तुम्ही काटा उचललात आणि तवा उलटलाच नाही. चावीला हात लावला नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. मांडीवरचं कापड सरळ करत बसून राहिलात, मगरिबची अजान होईपर्यंत. बोलायला एवढी मोठी जागा मला कुणी कधी दिली नव्हती. मी एक शब्द बोलले नाही, नुसती रडले. मग तुम्ही दिवा लावलात आणि म्हणालात, "जा, सास राह देखती होएंगी." आपा, त्या दिवसाचे आभार मानायचे राहून गेले. आपल्यात ती पद्धत नव्हती.

तवे आपण लावायचो ते यूसुफभाईंनी पाकिटांवर घातलेल्या आकड्यांप्रमाणं. आकडे उर्दू, पण निजामाच्या काळातल्या शाळेत मी ते शिकले होते. एक नंबरचा तवा, मग त्याची पाठ. दोन नंबर, मग त्याची पाठ. असे पाचही. बाजा मोठा विचित्र होता. सुरुवात हळू, धुक्यातून कुणी चालत यावं तशी. तवा उलटला की एकदम ढोल आणि कर्णे, आभाळ फाटल्यासारखं, आणि धाडकन बंद. दुसऱ्या तव्यावर पुन्हा तेच धुकं. मी एकदा चावीच्या वेळात विचारलं, "आपा, हे मधेच संपल्यासारखं का होतं?"

"हौ. छड़ीवाला पहले मौत सुना देता, फिर जिंदगी. डर निकल जाता ना."

मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर अजून पटतं.

आणि पाचव्या तव्याच्या पाठीवर शेवटी ते एक वाद्य. सनईच्या जातीचं, पण मऊ. बाकीचे सगळे गप्प होतात आणि ते एकटंच एक सूर वर नेतं, काही विचारल्यासारखं. तिथंच तवा संपायचा. तुम्ही हात वर करून म्हणायच्या, "बस. बाकी कल."

पण उद्या बाकी काही नसायचं. पुन्हा एक नंबरपासून सुरुवात. पुढचा सहावा तवा आपल्याकडं नव्हता, आणि तुमची खात्री होती की तो यूसुफभाई घेऊन गेलेत. "आधा सुना के कोई जाता क्या? उने जानके लेके गया. अब लाना पड़ेगा ना उसकू." आधी कराचीहून पत्रं यायची, मग बंद झाली. गल्लीतले लोक म्हणायचे, तिकडं त्याचा संसार झाला असेल, आता कुठला येतो. तुम्ही ऐकून घ्यायच्या. "आएंगा. मेरा तवा है उसके पास." तेवढ्यावर तुमचं चाललं होतं. माझंही. भाकरी थापताना मी तो सूर मनात धरायची आणि पुढं काय होत असेल ते जुळवून बघायची. कधी जमलं नाही.

सुमी, माझी पोरगी, भिंतीतून हा बाजा ऐकतच वाढली. ती पुण्याला नोकरीला लागली आणि पहिल्या दिवाळीला विजेचा रेकॉर्ड प्लेअर घेऊन आली. बरोबर तुमच्यासाठी एक मोठा, पातळ तवा. दुकानात तिनं फोटो ओळखला होता. तोच छडीवाला. केस पांढरे, गाल बसलेले, डोळे मिटलेले. आणि बाजाही तोच, त्यानं म्हातारपणी पुन्हा वाजवून घेतलेला. असल्या मोठ्या बाजाला सिंफनी म्हणतात असं तिनं सांगितलं. तुम्ही फोटो दोन्ही हातांत धरलात. "या अल्ला. ये भी बुड्ढा हो गया."

भाऊबीजेच्या दुपारी आमच्या घरी आपण ऐकायला बसलो. फराळाच्या ताटल्या मधे होत्या. सुरुवात आपलीच, पण संथ. मी ढोल-कर्ण्यांची वाट बघत होते. ते आले नाहीत. दोन नंबरच्या तव्यावरचं सुरू झालं.

"ये क्या? बीच का उड़ा दिया क्या इसने?" तुम्ही म्हणालात.

"नाही आपा, असंच आहे ते. ऐका तर," सुमी म्हणाली.

त्या बाजाला थांबणंच नव्हतं. काटा नाही, चावी नाही. मला तुम्हाला काहीतरी म्हणायचं होतं आणि म्हणायला जागा नव्हती.

मग तो सूर आला. मऊ सनई, एकटी, वर वर जाणारी. तुमचा हात सवयीनं उचलला गेला. "बस," तुम्ही म्हणालात. आणि बाजा थांबला नाही. पुढं गेला. खालच्या जड वाद्यांनी त्या सुराला उत्तर दिलं, वडीलधाऱ्यानं पाठीवर हात ठेवावा तसं. आणि आपा, ते उत्तर आपल्याला पाठ होतं. कितीतरी वर्षं आपण ते ऐकत आलो होतो. तुमचा हात वरच राहिला.

"सुमी," तुम्ही म्हणालात, "ये तो है अपने पास."

सुमी तुमच्या घरून पाचही तवे घेऊन आली. लेबलांवरचे बारीक इंग्रजी आकडे वाचत गेली आणि हसत सुटली. पोरच ती, तिला काय माहीत. "आई, अगं हे आपोआप वाजणाऱ्या मशीनचे तवे आहेत! पाचही एकावर एक रचायचे, मशीन एकेक खाली सोडतं. पाचही वाजले की भाकरीची चवड उलटावी तसा सगळा गठ्ठा उलटा करायचा. म्हणून पहिल्या तव्याच्या पाठीवर एकदम दहावा भाग आहे. शेवट आहे तो! तुम्ही दोघी इतकी वर्षं सुरुवातीलाच शेवट ऐकताय!"

हेही हसले. मीही हसले असते, पण मी तुमच्याकडं बघत होते.

"छठा तवा?" तुम्ही हळूच विचारलंत.

"सहावा नाहीच, आपा. दहा बाजू, दहा भाग. पूर्ण आहे, काहीच कमी नाही."

"नईच?"

"नाहीच."

तुम्ही ताटली खाली ठेवलीत, ओढणी सारखी केलीत, सुमीच्या डोक्यावर हात ठेवलात. "अच्छा किया बेटा, बता दिया." आणि घरी गेलात. मोठा तवा फिरत राहिला. पुढचं कुणी ऐकलं नाही. सुमीनं मात्र त्याच संध्याकाळी लेबलांवर मराठी आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवून दिल्या, एक ते दहा. पुन्हा घोटाळा होऊ नये म्हणून.

मग भिंतीपलीकडून किती दिवस आवाज नाही. मी आमटी घेऊन यायची, तुम्ही मशीनवर मान खाली घालून बसलेल्या. आणि एका दुपारी, असरनंतर, करर्र. मी हातातलं पीठ तसंच घेऊन आले. तुम्ही एक नंबरचा तवा लावलात. बाजू सरली. मी तो उलटायची वाट बघितली. तुम्ही तो उलटला नाही. पाकिटात घातलात आणि दोन नंबर काढलात. त्या दिवसापासून पहिल्या तव्याची पाठ कधी वाजली नाही. बाकी सगळं जुन्याच क्रमानं. शेवटी हात वर. "बस. बाकी कल."

आपलं भांडण तिथून लागलं.

"आपा, एकदा सरळ लावू या ना."

"तेरेकू क्या जल्दी है?"

दुसऱ्या दिवशी, चावीच्या वेळात: "यूसुफभाई तर बाजेवाले. त्यांना क्रम माहीत असेल. मग सांगितलं का नाही?"

तुम्ही चावी धरून थांबलात. "जल्दी में भूल गया होएंगा."

त्याच्या पुढच्या दिवशी, मी काही न विचारता: "नई. भूला नई उने. जानके बोल्या नई. बोलता तो मैं एक दिन में पूरा सुन के बैठ जाती. फिर क्या करती?"

आणि त्याच्याही पुढच्या दिवशी तवा उलटताना पुन्हा, "भूल गया. बचपन से भुलक्कड़ है." कितीतरी वर्षं तुम्ही या दोन उत्तरांमधे फेऱ्या मारत होतात. निकाल लागला नाही.

दुसरं भांडण गमतीचं. तरुण छडीवाला तुमचा आणि म्हातारा माझा, अशी तुम्हीच वाटणी केली होती. "सुनी क्या तेरे बुड्ढे कू? नींद में छड़ी हिलाता उने." मी सुईत दोरा ओवायला घ्यायची. "सच बोल दुल्हन, कौन सा अच्छा?" मी म्हणायची, "दोन्ही चांगले." तुम्ही म्हणायच्या, "झूटी! दुल्हनां सब झूटे."

आज सांगते. मला म्हाताराच आवडायचा. तरुणाला पोचायचं असतं. सूर हाती आला की तो पुढच्याकडं बघतो. म्हातारा पोचून आलेला आहे. तो प्रत्येक सुराजवळ उभा राहतो आणि निघताना मागं वळून बघतो. ती मऊ सनई येण्याआधी तो सगळ्यांना गप्प करतो आणि इतका वेळ थांबतो की मला वाटतं आता येतच नाही. आणखी एक सांगते. त्या मोठ्या तव्यात जिथं जिथं आपला तवा उलटायची जागा आहे, तिथं मला तुमची चावी ऐकू येते. तुम्ही हयात होतात, शेजारी झंपर शिवत होतात, तेव्हापासून. सुमीला नाही येत ऐकू. मी तिला विचारलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात तुमचं मनगट चावीलाही पुरेना. तुम्ही फोनू आणि तवे माझ्याकडं आणून ठेवायला लावलेत. मी रोज तुमच्या खाटेजवळ बसायची. तवा नाही, चावी नाही, त्यामुळं बोलणंही नाही. एक दिवस तुम्हीच बोललात, छताकडं बघत.

"उने नई आता अब. मेरेकू कबसे मालूम है. पगली नई मैं."

मी पायांवर पांघरूण ओढलं.

"मगर मेरे जीते जी खतम नक्को. मेरे बाद सीधा बजा दे, आखिर तक. फिर बोल दे उसकू. यूसुफ, पूरा हो गया, अब आना नक्को. बेचारा, मेरी राह छूटती नई करके उधर अटक के बैठा होएंगा."

तोवर मी समजत होते की त्यांनी तुम्हाला अडकवून ठेवलंय. तुम्हाला मात्र वाटत होतं की तुम्ही त्यांना.

इथवर सकाळी लिहिलं होतं. आता दिवेलागण झाली आहे. पुढचं लिहिते.

आज दुपारी हे बाहेर गेले होते. असरची अजान झाली आणि भिंतीतून करर्र सुरू झालं. या वेळी मी पदर कानावर ओढला नाही. फोनू ओढून बाहेर काढला, चावी घातली आणि तुमच्याबरोबर भरायला लागले. तुम्ही थांबलात तिथं थांबले. तुम्ही पुन्हा सुरू केलंत तिथं सुरू केलं. माझं संपलं तेव्हा भिंतही गप्प झाली.

सुमीच्या चिठ्ठ्या बघत तवे लावले. एक. मग तो न उलटता बाजूला. दोन. पहिल्या बदलण्याच्या वेळात काही सुचेना. रिकाम्या घरात बोलायची लाज वाटली. दुसऱ्या वेळी म्हणाले, "आपा, यंदाचं लिंबाचं लोणचं बिघडलं." आवाज इतका मोठा वाटला की मी दाराकडं बघितलं. मग जमत गेलं. एका वेळी बाळाच्या वेळचे आभार मानले. एका वेळी म्हणाले, "मला बुड्ढाच आवडतो." तुम्ही काही म्हणाला नाहीत. मी वाट बघितली होती.

सहा नंबरची चिठ्ठी, पाचव्या तव्याची पाठ. मऊ सनई वर गेली आणि तवा संपला. माझा हात उठला होता, तो मी खाली घेतला. चौथ्या तव्याची पाठ लावली. उत्तर आलं. इतकी वर्षं लटकत राहिलेला तो सूर, आपा. उत्तरापर्यंत पोचायला वेळ लागतो तो एवढाच, नवा काटा लावायचा आणि चावी भरायची.

मग शेवटी पहिल्या तव्याची पाठ. बाकीचे तवे झिजून करडे पडलेत, ती बाजू अजून काळी कुळकुळीत. चांगला जाड काटा निवडला. काटा टेकवला.

ढोल, कर्णे, सगळं तेच. पण शेवटी ऐकलं आणि वेगळं ऐकू आलं. तो घाईत आहे, तुमचा तरुण छडीवाला. सुमी म्हणाली होती की त्या तव्यात मोजकीच मिनिटं मावायची. तवा सरत आलाय, सांगायचं अजून उरलंय, म्हणून त्याची छडी पळते. सूर एकमेकांच्या टाचेवर पाय देत जातात. म्हातारा हीच जागा दम घेत घेत पार करतो. याला वेळच नाही, याला काठ दिसतोय. ते ऐकता ऐकता मला यूसुफभाई दिसले, ज्यांना मी कधी बघितलं नाही. एका हातात ट्रंक, दारात उभे, बाहेर टांगा. घाईघाईनं पाकिटांवर आकडे घातलेले, आणि एक गोष्ट सांगायची राहिलेली. ते विसरले, आपा. जानके नाही. असा निघणारा माणूस विसरतोच. आपल्या भांडणाचा मी हा निकाल लावला. तुम्हाला पटणार नाही. उद्या उलटं बोलाल.

मग संपलं. काटा मधल्या कोऱ्या जागेत खसखसत फिरत राहिला. तुम्ही लगेच उचलायच्या. मी चावी उतरेपर्यंत फिरू दिला.

परक्या पुरुषाशी मी आयुष्यात आपणहून बोलले नाही. डोक्यावर पदर घेतला, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "यूसुफभाई, पूर्ण झालं. आपांनी सांगून ठेवलंय. आता येऊ नका." कराचीत मराठी कळेल की नाही म्हणून तुमच्या बोलीत पुन्हा म्हणाले. "पूरा हो गया. अब आना नक्को." चावी भरायची उरली नव्हती, तरी माझी जीभ चिकटली नाही.

नंतर भिंतीला कान लावला. चुना गार होता. पलीकडं काही नाही. तुमच्या घरातलं इतकं काहीच नसणं मी कधी ऐकलं नव्हतं.

तवे पुसले. बोट ओलं करून सुमीच्या चिठ्ठ्या एकेक काढून टाकल्या. तवे यूसुफभाईंच्या आकड्यांप्रमाणं त्यांच्या पाकिटांत घातले. पुढं कधी कुणी लावलेच तर त्याला आधी मौत ऐकू येईल आणि मग जिंदगी, आणि ती मऊ सनई वर जाऊन अर्ध्यात थांबेल. त्यानं पुढच्या तव्याची वाट बघावी. काही वाईट नाही त्यात.

फोनूचं झाकण लावलं, पोतं ओढलं. माझा हात वर गेला.

"बस. बाकी कल."

उद्या असरला मी तुरपाई घेऊन भिंतीजवळ बसेन.